नवीन कोण आलंय?

"आमच्या चर्चमध्ये लई प्रेम हाय" असं कुणी म्हणालं, की माझं डोकं फिरतंय बघा. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. कोडोलीच्या एक मावशी, पोराला शिरोली एमआयडीसीत काम लागलं म्हणून कोल्हापुरात आलेल्या. आमच्याकडं दर रविवारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, विचारायचे, "आज नवीन कोण आलंय? उभं राहा." उभं राहील त्याला चर्चचा कारभार बघणारे आमचे पंच गुलाब द्यायचे, आणि आसपासची माणसं हात हातात घेऊन "सलाम" म्हणायची.

मावशी पहिल्या रविवारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या रविवारीही राहिल्या. तिसऱ्यांदा राहिल्या तेव्हा पोरी हसायला लागल्या. पंच वैतागले.

"मावशी, तुम्ही आता जुन्या झालासा की! बसा खाली."

"ठावं हाय की, साहेब. पर उभं ऱ्हायल्याबिगर हितं कोण हात हातात घेत न्हाय."

एवढं बोलून मावशी बसल्या. पंच गुलाब धरून तसेच उभे.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. मावशी मान खाली घालून बसून राहिल्या. आणि पेटीवरचे मास्तर उभे राहिले. माझ्या बाप्तिस्म्यालाही पेटी त्यांनीच वाजवलेली, एवढे जुने. त्या पावसाळ्यात त्यांची बायको गेली होती.

पंच म्हणाले, "चेष्टा करताय व्हय, मास्तर? तुम्ही कसलं नवीन?"

मास्तरांनी नुसता हात पुढं केला.