सांडव्यावरची जाळी

(एका खासगी तळ्याचा मातीचा बांध. बांध तपासायला आलेली इंजिनिअर आणि तळं सांभाळणारे काका.)

इंजिनिअर : आणि ही जाळी कुणी लावली?

काका : मीच! जास्तीचं पाणी या सांडव्यातून बाहेर पडतं ना, त्याबरोबर मासेही पसार व्हायचे. आम्ही वाढवायचे आणि खालच्यांनी आयते पकडायचे!

इंजिनिअर : पालापाचोळा अडकत असेल?

काका : अडकतो की. रोज सकाळी काढतो मी.

इंजिनिअर : आणि तुम्ही चार दिवस अंथरुणाला खिळलात, वर धो धो पाऊस, तर?

काका : शुभ बोल गं! बरं, समजा. सांडवा तुंबेल. तळं भरेल काठोकाठ.

इंजिनिअर : मग?

काका : मग... बांधावरून वाहील. म्हणजे हा बांध... किती वेळ टिकेल?

इंजिनिअर : मातीचाच आहे. तासाभरात वाहून जाईल, कदाचित त्याआधीच.

काका : अरे देवा. आणि मी मेला मासे मोजत बसलोय!

इंजिनिअर : मालक कोण याचा? कागदावर सहा नावं आहेत.

काका : सहा मित्र होतो. पोहायला, गळ टाकायला म्हणून घेतलं. पाच गेले. त्यांची मुलं सुट्टीत येऊन डुंबून जातात, पण सहीचं नाव काढलं की त्यांच्या फोनची रेंज जाते.

इंजिनिअर : मालक म्हणून कुणी सही केली नाही, तर तळं रिकामं करावं लागेल. आणि सही केली, तर काही झाल्यास जाब त्यालाच.

काका : मला आपलं राखणदार समज की.

इंजिनिअर : राखणदारानं कुणाला विचारून जाळी लावली?

काका : चांगलंच पकडलंस! ... ते खालचं निळ्या पत्र्याचं घर. पाणी तिथवर जाईल?

इंजिनिअर : सगळ्यात आधी तिथेच.

काका : कोण राहतं गं तिथे?

इंजिनिअर : मला काय विचारता? मी आज आले. तुम्ही तीस वर्षं इथे आहात.

काका : तीस वर्षं मी तळ्याकडेच तोंड करून उभा आहे. पाठीमागे कधी बघितलंच नाही.

इंजिनिअर : दोरीवर लहान मुलांचे कपडे दिसतायत.

काका : हं. ... दे तो कागद. कुठे करू सही?

इंजिनिअर : इथे. नीट वाचून करा. घाई नाही.

काका : वाचलं. घे. आता पक्कड आणतो, ही जाळी काढू. मग खाली जाऊन येतो.

इंजिनिअर : त्यांना काय सांगणार?

काका : वरचा बांध माझा आहे म्हणून.