धावजींच्या हातावर काही ठेवू नका

सन्माननीय अध्यक्ष किसनराव, व्यासपीठावरचे ओव्हरसियर साहेब, महिला मंडळाच्या विमलताई, आजचे सत्कारमूर्ती धावजी, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या काठावर संकोचून टेकलेल्या त्यांच्या पत्नी मानीबाई, आणि जमलेल्या समस्त पुसदकर बंधुभगिनींनो,

मी विश्रामगृहाला किराणा पुरवणारा दुकानदार. भाषण हा माझा धंदा नव्हे. पण आज मला बोलायला सांगितलंय, आणि तेही लांबलचक, अगदी बजावून.

धावजी आपल्या विश्रामगृहाचे खानसामा, चौकीदार, सगळं काही. आज ते निवृत्त होताहेत. सरकारी खोली उद्याच सोडायची आहे आणि तांड्यावरच्या घरावर अजून टिनाचे पत्रे चढलेले नाहीत. म्हणून आपण वर्गणी काढून एक थैली जमवली. बातमी फुटली. धावजी दुकानात येऊन मला म्हणाले, "थैली देसान त मी सभेत येनार नाही, शेटजी. पाहुण्यायले भाकर घातली, त्याचे पैसे कायले घेऊ? माह्या हातावर काही ठेवू नका." मी शब्द दिला. आता आली का पंचाईत?

बक्षिसीच्या रीती तरी किती! इंग्रज साहेब निघताना खुशाल हातावर नाणं टेकवायचे. अमेरिकन मंडळी ताटाखाली पैसे ठेवून गुपचूप निघून जातात. द्यायचंच तर लपवायचं कशाला, हे मला उमगलेलं नाही. जपानी इंजिनिअर आले, ते काहीच देईनात. त्यांच्याकडे म्हणे तो अपमान. नुसते कमरेत वाकले. धावजींना तेच सर्वांत सभ्य वाटले. आणि आपले लोक? नावं घेत नाही, काही समोरच बसलेत. ते निघताना विश्रामगृहाचा साबण घेऊन जातात. नवा साबण माझ्याच दुकानातून येतो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

कपाशी पाहायला आलेलं अमेरिकन जोडपं आठवतं? मी तेव्हा साखर पोचवायला गेलो होतो. साहेबांनी ताटाखाली दहाची नोट ठेवली. धावजींना वाटलं, विसरले. धावत जाऊन त्यांनी मोटार अडवली. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, बक्षीस आहे ते." धावजींचा चेहरा पडला. त्यांनी मानीबाईंना हाक मारली, "नारळ आन वं."

मडमेची ओटी भरायची ठरली. पण झग्याला पदर कुठला? शेवटी साहेबांची हॅट पुढे करायला लावली. तीत तांदूळ, खण, नारळ, आणि वर तीच दहाची नोट, शिवाय घरचा एक रुपया. धावजी म्हणाले, "लेक घरून निघाली त तिच्या हातावर काही ठेवाच लागते." मडम पैसे परत करू लागली, तेव्हा मानीबाईंनी तिचा हात धरला. "ओटी वापस नसते करत, बाई. भरनाऱ्याचा अपमान होते."

ड्रायव्हरने तिला समजावलं. मडमेने डोळे पुसले. म्हणाली, "इतके देश फिरले, निघताना सगळीकडे मीच दिलं. मला देणारं घर हे पहिलंच." वरच्या कचेरीतून मात्र विचारणा आली, की पाहुण्याला बक्षीस दिलं ते कोणत्या नियमाखाली? ओव्हरसियर साहेब, उत्तर अजून बाकीच आहे ना?

धावजी, मी शब्द पाळला आहे. तुमच्या हातावर कोणीही काही ठेवलेलं नाही, ही सभा साक्षीला आहे. मात्र तुम्ही माझ्याकडे पाहत होता, तेवढ्यात विमलताईंनी मानीबाईंची ओटी भरली आहे. नारळाखाली थैली आहे. मानीबाई, पदर नीट धरा, जड आहे. आणि धावजी, ओटी परत करायची असेल तर आधी मानीबाईंना विचारा.

वर्गणी देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. भाषण लांबलं, पण ओटी भरून होईपर्यंत मला खाली बसायची परवानगी नव्हती. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. धावजी, पत्रे चढले की आम्हाला जेवायला बोलवा. निघताना साबण नेणार नाही.