कोळी बघायला

कुसुम : कोळ्याकडे जाऊ म्हणालात, म्हणून मी मासळीची पिशवी घेऊन बिबवेवाडीपर्यंत आले. आणि इथं बघते तर सगळ्या काचेच्या पेट्या!

माधव : कोळी बघायला जाऊ, असं म्हणालो होतो. आठ पायांचा.

कुसुम : चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळलं नाही, पाय किती ते आधी सांगावं?

पायल : या ना काकू, बसा. मी पायल. हे टॅरँट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, मी घरीच वाढवते. काकांचा दोन महिने रोज फोन असतो.

कुसुम : ती तूच होय! मला वाटलं, यांच्या खडकीच्या फॅक्टरीतलं कुणी जुनं.

माधव : पायल, झाडावरचे ते चपळ नकोत हं. माझा पहिलाच आहे.

पायल : म्हणूनच हे दोन काढून ठेवलेत. जमिनीवर राहणारे, संथ, शांत. आठवड्याला एक रातकिडा आणि प्यायला पाणी. फक्त हातावर घ्यायचं नाही, पडले तर पोट फुटतं.

कुसुम : आठवड्याला एक! आणि आमच्याकडे रोजच्या आमटीला नावं.

माधव : लांबून काय बोलतेस? वाकून बघ तरी.

कुसुम : बघते... अगंबाई! काळ्या मखमलीची चोळी, गुडघ्या-गुडघ्याला शेंदूर! आठ पायांचे गुडघे, आणि एकही दुखत नाही गं तुझा?

पायल : ती मादी. अजून वीस वर्षं सहज जगेल. शेजारचा नर आहे, तो फार तर वर्षभर.

माधव : मग नर दे.

कुसुम : का? ही कशी नटून बसलीय!

माधव : वीस वर्षं, कुसुम. चैत्रात छाती उघडून शिवलीय माझी. माझ्यामागं तुझ्या गळ्यात हे कशाला?

पायल : काका, नर बांधून देऊ मग?

कुसुम : थांब गं जरा. अहो, दवाखान्यातून आल्यापासून कॅलेंडरचं पान उलटत नव्हता तुम्ही. आता रोज उठून फोन करता, तो वर्षभराच्या पाहुण्यासाठी?

(माधव मादीच्या पेटीकडे बघतो.)

कुसुम : खरं सांगा. कुठली आवडलीय?

माधव : हीच. पहिल्याच फोटोत.

कुसुम : पायल, मादी दे.

माधव : अगं, तू तर घाबरतेस तिला!

कुसुम : घाबरतेच. मी पेटीचं झाकणसुद्धा उघडणार नाही. वीस वर्षं रातकिडे तुम्हीच घालायचे.