पासवर्ड शेजारी ठेवला

बाळांनो, कल्पना करा: २००३ साल आहे, हुपरीहून कोल्हापूरला एसटी निघालीय. खिडकीशी चांदीचे कारागीर तवनाप्पा, शेजारी नात आदिती.

"आज्जा, आपल्या पैंजणाची नवी नक्षी शेजारच्या बसवेशकाकाच्या दुकानात लागलीया! कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाला सांगितलासा?"

"त्यालाच की. परगावी जाताना किल्ली ठेवतो, तसा पासवर्डबी ठेवला."

"किल्ली परत घेता येती. पासवर्ड येतोय व्हय?"

"चाळीस वर्षं किल्ली ठेवतोय गं. घरातली वाटीसुद्धा हलली न्हाय."

"आता कॉम्प्युटरात आपल्या बाराच नक्ष्या चोरीवाचून उरल्यात. मी सकाळीच पासवर्ड बदललाय."

"मग मला सांग की!"

पुढच्या बाकावरचे दोघे प्रवासी कान देऊन मागं वळले.

आदितीनं आज्जाचा हात मांडीवर ओढला आणि तळव्यावर बोटानं एकेक अक्षर गिरवलं.