साहेबांच्या हातचा चहा

खरं सांगू, साहेबांनी स्वतः उठून मला चहा दिला तेव्हाच खटकायला हवं होतं. युनियनची प्रतिनिधी म्हणून माझी ती पहिलीच बैठक. ऑफिसातली बायकांची खोली फायलींसाठी जाऊ द्यायची नाही, एवढ्यासाठीच आमच्यातल्याच, कारधा गावच्या कमलताईंनी मला उभं केलं होतं. त्या मला कायम पोरीच म्हणायच्या. "भेऊ नोको वं पोरी, मी आहो ना!"

एका हातात कप, तेवढ्यात साहेबांनी कागद सरकवला. "करा सही, चर्चा झालीच आहे." मी दचकले आणि न वाचताच केली.

जिना उतरेपर्यंत प्रत नोटीस बोर्डावर लागली होती: खोली देण्यास युनियनची संमती. खाली माझं नाव.

कमलताईंनी सहा फोन उचलले नाहीत. सातवा उचलला.

"बोला, मॅडम."