फालानिकोंनी चटईखालून सांगितलं ते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेले गावचे कुळप्रमुख मताई, आपला गायकवृंद आणि माझ्या बंधुभगिनींनो,

फालानिको उद्या लेकीकडे ऑकलंडला निघाले. त्यांनी आपल्याला गायला शिकवलं, हे सगळ्यांनी सांगितलंच. मग मी कशाला उभी राहिले? कारण त्यांच्या तोंडून सूर फुटत नव्हता, ते दिवस मला ठाऊक आहेत. खाली बघू नका फालानिको, तुम्हाला विचारूनच बोलते आहे.

माझे पती एतुआटी समुद्रात गेले, तेव्हा होडीत ते आणि फालानिको, दोघंच होते. "होडी उलटली, तो लगेच बुडाला," असं यांनी मला सांगितलं. पुढं कित्येक वर्षं हे देवळात येत, पण तोंड उघडत नसत. खडकावर लाट फुटली की दचकत. आम्ही समजायचो, मित्राचं दुःख.

एका सकाळी दार उघडते तो अंगणात हे गुडघ्यांवर. माफी मागताना घेतात तशी डोक्यावरून चटई घेतलेली.

"कुणाचं काय केलंत?"

"तुझंच, मालिया. तो लगेच नाही बुडाला. पाय मोडला होता, होडीला धरून मला हाका मारत होता. मी पोहत निघालो ते वळलोच नाही. अजून ऐकू येतात त्या."

मी दार लावून घेतलं. उन्हं चढली, तरी हे हलले नाहीत. क्षमेवरची प्रवचनं मला पाठ होती, पण पाय उचलत होते का? सासूबाई म्हणाल्या, "चटई उचललीस तर माफी. नाहीतर घरी जा म्हणून सांग त्याला. उन्हात मरू नको देऊ."

मी गेले. आधी विचारलं, "काय म्हणत होता?"

"आधी 'थांब' म्हणाला. मग नुसतं तुझं नाव."

मी चटई उचलली. सासूबाईंनी, एतुआटीच्या आईनं, उकडलेला तारोचा कंद वाढला, आणि हे मागून मागून जेवले. त्या रविवारी त्यांचा आवाज लागला. गाता गाता हसत होते. पश्चात्तापातून आनंद येतो म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला.

आता त्यांना शांत झोप लागते. हाका मात्र थांबलेल्या नाहीत. समुद्रावरून वारा आला की मला ऐकू येतात.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. फालानिको, तुम्ही निर्धास्त जा. त्याला ओ द्यायला मी आहे इथं.