शेऱ्याचा रकाना

उंब्रजच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी येईना. मागच्या बाकावर वधूवर केंद्र चालवणारे कुणी आबा आणि त्यांचा संगणकवाला कुणाल बसले होते.

"मशीनवरच्या जुन्या फॉक्सप्रोच्या यादीतलं सगळं इंटरनेटवर टाक, असं तुमीच म्हणाला, आबा."

"सगळं म्हंजे शेऱ्याचा रकाना बी? स्थळांबद्दल मला काय वाटतं, ते माझ्यापुरतं लिवलेलं असतंय रं."

"तुमच्यापुरतं हाय, हे मला कसं कळणार?"

"मशीन माझ्या टेबलावर. दुसरं कोण बघणार हुतं?"

"आता मस्कतमधला पोरगा बी बघतोय."

"बघितलं की त्यानं. नकार दिला, वर पोरीच्या आईला, शालूबाईला, फोनवर माझा शेरा वाचून दाखवला. पोरगी गुणाची, आई भांडकुदळ."

"आजच काढतो."

"आता काढून काय उपेग? काल बाई केंद्रात आली हुती."

"लय भांडली?"

"भांडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, भावजी, पोरीचं कॉलेज बंद करायला समदं घर उठलं हुतं. मी भांडले नसते, तर ती बी.एस्सी. झाली असती का?"

"मग?"

"मग काय. त्यो रकाना काढून टाक. माझ्या मशीनवरचा बी."